सुईच्या टोकाएवढं पोटेन्शियल: डेल्टा तीन मितींत का बिघडतो?

नळस्टॉप | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

माझी भाची एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत घरी आली होती. मोदकावर तूप ओतता ओतता म्हणाली, "मामा, पुस्तकात डेल्टा पोटेन्शियल कायम एकाच मितीत का असतं? जग तर तीन मितींचं आहे." मला एमएस्सी करून वीस वर्षं झाली आणि त्यातली अठरा हिंजवडीत डेटाबेस सांभाळण्यात गेली. तरी मामाची इज्जत राखायची म्हणून म्हटलं, त्यात काय, करून दाखवतो.

डेल्टा म्हणजे एकाच बिंदूत एकवटलेलं पोटेन्शियल. त्याचं एका मितीतलं गणित बहुतेकांना आठवत असेल. मूळबिंदूवर ग इतक्या ताकदीचा आकर्षक डेल्टा ठेवला की वेव्हफंक्शन (कण कुठे सापडेल ते सांगणारं फंक्शन) अखंड राहतं, फक्त तिथे त्याच्या उताराला कोपरा पडतो. बाउंड स्टेट (कण अडकून राहतो ती अवस्था) एकच, दोन्ही बाजूंना उतरत जाणारी, तंबूसारखी. सोयीची एकके घेतली (एच-बारचा वर्ग भागिले दोन एम म्हणजे १) तर ऊर्जा उणे ग-वर्ग भागिले ४. दोन ओळींत उत्तर.

तेच फूरिये करून लिहिलं तर अट अशी होते: १ भागिले ग = सगळ्या के वर इंटिग्रल (दर मितीमागे २ पायने भागून), आत १ भागिले (के-वर्ग अधिक कप्पा-वर्ग), जिथे ऊर्जा म्हणजे उणे कप्पा-वर्ग. एका मितीत इंटिग्रल १ भागिले २ कप्पा येतं, हिशोब जुळतो. तीन मितींत मात्र वर के-वर्ग जास्तीचा येतो आणि इंटिग्रल फुटतं. मी कटऑफ लावला, म्हणजे के ला लॅम्डापाशी थांबवलं. उत्तर आलं लॅम्डा भागिले २ पाय-वर्ग, उणे कप्पा भागिले ४ पाय. ग तोच ठेवून लॅम्डा वाढवत गेलो तर कप्पा वाढतच जातो, म्हणजे बाउंड स्टेटची ऊर्जा उणे अनंताकडे धावत सुटते. कितीही कमकुवत डेल्टा घ्या, कण त्यात बुडालाच.

तिने वर्गात विचारलं होतं म्हणे, तर "परीक्षेला नाही" असं उत्तर मिळालं. आता माझी अब्रू जाणकारांच्या हाती.

---

चकली | शनिवार, रात्री ११:५२

वाचतेय. पहिल्या परिच्छेदापर्यंत सगळं कळलं. मोदक उकडीचे की तळणीचे?

---

नळस्टॉप | रविवार, रात्री १२:०५

उकडीचेच हो. तळणीचे आमच्याकडे मोजत नाहीत.

---

एप्सिलॉन | रविवार, सकाळी ९:१५

मामांचं गणित बरोबर आहे, अनंत यायलाच हवं होतं. हा प्रश्न १९३०च्या दशकात भल्याभल्यांना पडला होता, त्यामुळे भाचीला शाबासकी द्या. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आपण फिजिक्सवाले ऑपरेटर म्हटला की फक्त कृती लिहितो: "दोनदा डिफरन्शिएट कर, उणे चिन्ह लाव." ही अर्धीच माहिती झाली. ही कृती कोणत्या फंक्शन्सवर करायची, ते सांगितल्याशिवाय ऑपरेटर पुरा होत नाही. त्या फंक्शन्सच्या गोतावळ्याला डोमेन म्हणतात. पुण्यात राहून मला हे समजवायला एकच उपमा सुचते: डोमेन म्हणजे दारावरची पाटी. आत दुकान तेच, माल तोच, पण कोणाला प्रवेश आहे आणि कोणत्या अटीवर, ते पाटी ठरवते.

आता पाटी फार कडक लिहिली, समजा "मूळबिंदूच्या आसपास शून्य असणाऱ्यांनाच प्रवेश", तर ऑपरेटर सिमेट्रिक होतो. पण त्याचा जो अ‍ॅडजॉइंट आहे (इनर प्रॉडक्टमध्ये दुसऱ्या बाजूला जाऊन तेच काम करणारा जोडीदार), त्याच्या दाराशी भलतीच गर्दी जमते, कारण अ‍ॅडजॉइंटची पाटी उलटी चालते: तुम्ही इकडे जितकं कडक व्हाल तितकं तिकडे सैल. इकडे एकेकाला आत घेत गेलात की तिकडची गर्दी कमी होत जाते. दोन्ही पाट्या शब्दशः एक झाल्या की ऑपरेटर सेल्फ-अ‍ॅडजॉइंट. हा गणितज्ञांचा सोवळेपणा समजू नका. सेल्फ-अ‍ॅडजॉइंट असेल तरच श्रोडिंगर समीकरणात एकूण संभाव्यता कायम १ राहते आणि पुढचा काळ एकाच प्रकारे ठरतो. नाहीतर टाकीला भोक. या दोन पाट्या एक करायचे किती मार्ग आहेत, ते मोजायची रीत फॉन नॉयमननी १९२९ च्या सुमारास दिली.

आता मामांचा प्रश्न. "लाप्लासियन अधिक डेल्टा" असं लिहूच नका (लाप्लासियन म्हणजे तेच दोनदा डिफरन्शिएट करणं, तिन्ही दिशांना), तीन मितींत त्या बेरजेला अर्थ नाही. उलट असं विचारा: मूळबिंदू सोडून सगळीकडे कण मोकळा आहे. मग मूळबिंदूवर पाटी कोणकोणती लावता येईल?

अ‍ॅडजॉइंटच्या दारात उभं राहिलं की एक अनोळखी पाहुणा दिसतो: १ भागिले आर सारखं, मूळबिंदूवर अनंताला जाणारं फंक्शन. हा गुंड वाटतो, पण आहे सभ्य. वर्ग करून इंटिग्रेट करा: १ भागिले आर-वर्ग, आणि तीन मितींत घनफळातून आर-वर्ग येतो, तो त्याला खाऊन टाकतो. मूळबिंदूजवळ एकूण संभाव्यता मर्यादित. म्हणजे याला हिल्बर्ट स्पेसमध्ये (वर्गाचं इंटिग्रल मर्यादित असलेल्या फंक्शन्सच्या जगात) मज्जाव नाही.

मग पाटी अशी लागते: मूळबिंदूजवळ वेव्हफंक्शन (१ भागिले आर) उणे (१ भागिले ए) यांच्या पटीतच असलं पाहिजे. ए ही एकच संख्या, लांबीची. प्रत्येक ए ला एक वेगळा सेल्फ-अ‍ॅडजॉइंट ऑपरेटर. ए शून्य घेतला तर १ भागिले आर हा टोकदार भाग हद्दपार होतो आणि मोकळा कण परत मिळतो. ए धन असेल तर बरोबर एक बाउंड स्टेट, ऊर्जा उणे १ भागिले ए-वर्ग. ए ऋण असेल तर बाउंड स्टेट नाही, तरी विकिरण (स्कॅटरिंग) होतं.

ही अट बेथे आणि पायर्ल्स यांनी १९३५ मध्ये ड्यूटेरॉनसाठी (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी) वापरली. तेव्हा त्यांनी पाटी-बिटीचा विचार केला नव्हता, सरळ लिहून मोकळे झाले. फॉन नॉयमनच्या चौकटीत ते नीट बसवलं बेरेझिन आणि फादेयेव यांनी १९६१ मध्ये.

एक गंमत सांगून थांबते, ११ ला तास आहे (हो, रविवारी, सेट-नेटवाल्यांचा). वेव्हफंक्शनला आर ने गुणून यू म्हणा. मग तीन मितींचं हे सगळं प्रकरण अर्ध्या रेषेवरच्या एका तारेचं होतं, आणि पाटी उरते: टोकाला यू चा उतार = उणे यू भागिले ए. तारेचं टोक स्प्रिंगला बांधलं तर लावतात तीच अट. मोकळा कण म्हणजे टोक खुंटीला घट्ट बांधलेली तार.

---

सारसबाग_सकाळ | रविवार, सकाळी ९:४०

+१. पाटीची उपमा लय भारी. "मूळबिंदूवर अनंत होणाऱ्यांनी १ भागिले ए सोबत आणल्याशिवाय आत येऊ नये. सुटे पैसे मिळणार नाहीत."

---

शंकेखोर | रविवार, सकाळी १०:२०

एप्सिलॉनताई, लिहिलंत छान, पण मला यात हातचलाखी दिसते. मामांचा डेल्टा तीन मितींत फुटला. तुम्ही म्हणालात डेल्टा लिहूच नका, त्याऐवजी ही अट घ्या. ठीक. पण मग याचा आणि मूळच्या डेल्टाचा संबंध काय राहिला? गिऱ्हाईक शर्ट मागतंय आणि तुम्ही धोतर बांधून देताय.

अवांतर: सेल्फ-अ‍ॅडजॉइंटला धड मराठी शब्द का नाही? "स्वसंलग्न" म्हटलं की मला पोस्टाचं पाकीट आठवतं.

---

एप्सिलॉन | रविवार, दुपारी १:३०

शंका रास्त आहे. धोतर नव्हे, त्याच कापडाचा शर्ट आहे. दाखवते.

मामांचं समीकरण परत घ्या: १ भागिले ग = लॅम्डा भागिले २ पाय-वर्ग, उणे कप्पा भागिले ४ पाय. मामांनी ग स्थिर ठेवला म्हणून घोटाळा झाला. ग ला लॅम्डाबरोबर हलू द्या. १ भागिले ग बरोबर लॅम्डा भागिले २ पाय-वर्ग, उणे १ भागिले ४ पाय ए, असा निवडा. लॅम्डा दोन्हीकडून कटतो, उरतं कप्पा = १ भागिले ए. माझ्या पाटीवाली बाउंड स्टेट! गमतीचा भाग असा की लॅम्डा अनंताला जाताना हा ग शून्याकडे जातो. टोक जितकं बारीक, तितका डेल्टा कमकुवत ठेवावा लागतो, आणि तोही तंतोतंत.

यात "अनंतातून अनंत वजा" वाटत असेल तर दुसरा मार्ग. क्राइनचं सूत्र. १९४०च्या दशकातलं. दोन सेल्फ-अ‍ॅडजॉइंट ऑपरेटर एकाच बिंदूच्या पाटीने वेगळे असतील तर त्यांच्या रिझॉल्व्हंटमधला (ऑपरेटर अधिक कप्पा-वर्ग, याचा व्यस्त) फरक अगदी साधा असतो, रँक एक. पुणेकरांसाठी: कोथरूडहून हडपसरला जायचंय. एक, थेट बस. दोन, स्वारगेटला उतरून दुसरी बस. मोकळ्या कणाकडे फक्त थेट बस असते. बिंदू-इंटरॅक्शन आलं की त्यात एवढीच भर पडते: इथून मूळबिंदूपर्यंत, मूळबिंदूपासून तिथपर्यंत, आणि स्वारगेटला एक भागाकार, ४ पाय भागिले (कप्पा उणे १ भागिले ए). कप्पा १ भागिले ए ला पोचला की छेद शून्य, तीच बाउंड स्टेट. या सूत्रात कुठेही अनंत नाही, कटऑफ नाही. आणि ए शून्य केला तर तो भागाकार शून्य होतो, स्वारगेटचा फाटा बंद.

मराठी शब्दाबद्दल: मी वर्गात सेल्फ-अ‍ॅडजॉइंटच म्हणते. पोरांना पुढे पेपर वाचायचे असतात.

---

तंबोरा | रविवार, रात्री ८:१०

मी गणितात कच्चा, पण तारेचा विषय निघाला म्हणून लिहितो. तारेवर मधोमध बोट नुसतं टेकवलं की मूळ सूर मरतो आणि वरचा षड्ज बोलतो. बोट जाड असो की बारीक, फरक पडत नाही. हा तुमचा डेल्टाच ना? मग तबल्याच्या पुडीवर सुई टेकवली तर काय होईल? तो दोन मितींचा डेल्टा?

---

एप्सिलॉन | रविवार, रात्री ९:३०

वा! मी दोन मिती टाळत होते, तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

तारेवरचं बोट म्हणजे एका मितीतला, अनंत ताकदीचा, ढकलणारा डेल्टा. तार एका बिंदूत धरली की खरंच धरली जाते, कारण एका मितीत ऊर्जा मर्यादित असेल तर फंक्शनची त्या बिंदूतली किंमत मोकाट सुटू शकत नाही. गणिताच्या भाषेत, एका मितीत डेल्टा "फॉर्म" म्हणून सुखाने नांदतो.

पडद्याचं तसं नाही. आदर्श पडदा, आदर्श सुई, टोक शून्य रुंदीचं: काहीही होत नाही. एकही सूर हलत नाही. पडदा सुईभोवती अतिशय निमुळता खड्डा करून तिला चकवतो आणि त्या खड्ड्याला लागणारी ऊर्जा हवी तितकी कमी करता येते. तीन मितींत तर बघायलाच नको, खोलीत टाचणी टांगून खोलीचा घुमारा बदलत नाही. म्हणून दोन आणि तीन मितींत ढकलणारा डेल्टा म्हणजे शून्य. काही घडवायचं तर आकर्षक हवा, आणि तोही मघाशी सांगितला तसा तोलून मापून.

पण खरी सुई शून्य रुंदीची नसते, आणि इथे दोन मिती खरा खेळ दाखवतात. परिणाम मरतो तो लॉगॅरिदमच्या चालीने, म्हणजे गोगलगायीच्या. सगळीकडे सारख्या जाडीचा, ७ सेंमी त्रिज्येचा पडदा घ्या (शाई नको, तिच्यामुळे गणित बदलतं). मधोमध ०.०७ मिमी त्रिज्येचं टोक टेकवून बिंदू जखडा. त्रिज्यांचं गुणोत्तर १०००. बेसेल फंक्शन्सनी सोडवलं तर मूळ सुराची कंपनसंख्या साधारण १० टक्क्यांनी चढते. आता टोक हजारपट बारीक करा, ७० नॅनोमीटर. आणि चढ? साधारण ५ टक्के. हजारपट मेहनत, परिणाम कसाबसा निम्मा.

---

तंबोरा | रविवार, रात्री ९:५५

१० टक्के म्हणजे अर्ध्या सुरापेक्षा जास्त, पूर्ण सुराला थोडा कमी! कानाला ठणठणीत कळेल. आणि तुम्ही म्हणता शेवटी शून्य.

---

एप्सिलॉन | रविवार, रात्री १०:०२

हो. "शेवटी" तुमच्या-माझ्या हयातीत येत नाही, एवढंच.

---

निवृत्त_न्यूट्रॉन | सोमवार, सकाळी ६:४५

पर्वती चढून आलो, आता लिहितो. माझी उमेद तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात न्यूट्रॉन विकिरणात गेली, म्हणून राहवत नाही.

हे ए म्हणजे आमची "स्कॅटरिंग लेंग्थ". आम्ही हा शब्द दिवसातून वीस वेळा बोलायचो आणि फॉन नॉयमनचं नाव वर्षातून एकदाही नाही. प्रकार असा. थर्मल न्यूट्रॉनची तरंगलांबी १.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास, अणुकेंद्र त्याच्या लाखपटीने लहान. पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत लांब, ६५ किलोमीटरची एकच लाट समजा, आणि वाटेत पाऊण मीटरचा एक धोंडा. त्या लाटेला धोंड्याचा आकार, रंग, आतली रचना काय कळणार? तिला एकच आकडा कळतो. फर्मींनी १९३६ मध्ये हायड्रोजन असलेल्या पदार्थांतल्या संथ न्यूट्रॉनवर लिहिताना हेच ओळखलं आणि केंद्राच्या जागी बिंदूवरचं स्यूडोपोटेन्शियल ठेवलं. आजही प्रत्येक रिअ‍ॅक्टरवर विकिरणाचं गणित तिथूनच सुरू होतं. तुर्भ्याचा ध्रुव रिअ‍ॅक्टर १९८५ मध्ये क्रिटिकल झाला (साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली), तिथे आम्हीही तेच केलं.

आकडा कसा वागतो ते बघा. कार्बनचा ६.६५ फेमटोमीटर, ड्यूटेरियमचा ६.६७, जवळजवळ तेवढाच. आणि साध्या हायड्रोजनचा? उणे ३.७४. चिन्हच उलटं! त्यामुळे साधं पाणी आणि जड पाणी न्यूट्रॉनला अगदी वेगळे पदार्थ दिसतात. साध्या पाण्यात सुमारे ८ टक्के जड पाणी मिसळलं की एकूण सरासरी शून्य होते आणि न्यूट्रॉनला ते पाणी दिसेनासं होतं. मग त्यात तरंगणारं प्रोटीन तेवढं उठून दिसतं. बीकरमध्ये हे मिश्रण मी स्वतः शेकडो वेळा केलंय. डोळ्यांना दोन्ही पाणी सारखंच. पिऊन बघितलं नाही, ते फार महाग असतं.

शंकेखोरांना विचारायचं होतं की उपयोग काय, म्हणून आधीच सांगून टाकलं.

(भाचीसाठी सूचना: आमच्या लोकांचं चिन्ह आणि बद्ध-मुक्त अणूचा फरक पुस्तकागणिक तपासून घ्यावा. मी एकदा आठवडा घालवलाय त्यात.)

---

शंकेखोर | सोमवार, सकाळी १०:१०

काका, विचारणार नव्हतो, पण धन्यवाद.

आता एक मागणी. एप्सिलॉनताईंच्या सूत्रात आकडे घालून दाखवा कोणीतरी. न्यूट्रॉन-प्रोटॉनचा ए माहीत आहे, ड्यूटेरॉनची बंधन ऊर्जाही. जुळतं का ते बघू.

---

नळस्टॉप | सोमवार, दुपारी १:४५

हे माझ्याच्याने होईल. जेवणाच्या सुट्टीत केलं.

स्पिन समांतर असताना न्यूट्रॉन-प्रोटॉनची स्कॅटरिंग लेंग्थ ५.४२ फेमटोमीटर. एच-बारचा वर्ग भागिले न्यूक्लिऑनचं वस्तुमान म्हणजे ४१.४७ एमईव्ही गुणिले फेमटोमीटर-वर्ग. भागिले ए-वर्ग केलं, ४१.४७ भागिले २९.४, आले १.४१ एमईव्ही. खरी बंधन ऊर्जा २.२२.

म्हणजे नापास नाही, पण पहिला वर्गही नाही.

---

निवृत्त_न्यूट्रॉन | सोमवार, दुपारी ४:२०

बिंदू म्हणजे शून्य रुंदी. पण खऱ्या न्यूक्लियर बलाची पोच शून्य नाही, या जोडीची "इफेक्टिव्ह रेंज" १.७५ फेमटोमीटरच्या घरात आहे, आणि ५.४२ च्या तुलनेत ती दुर्लक्ष करण्याएवढी लहान नाही. तेवढी एक दुरुस्ती घातली की आकडा २.२ च्या जवळ येतो. उलट, स्पिन विरुद्ध असताना ए उणे २३.७ आहे. ते ऋण, म्हणून त्या जोडीला बाउंड स्टेट नाही. ताईंच्या पाटीप्रमाणेच.

---

मामाची_भाची | सोमवार, रात्री ९:००

नमस्कार, मीच ती. मामाने लिंक पाठवली. सगळ्यांचे खूप आभार. मोदकांचा उल्लेख केल्याबद्दल मामाशी वेगळं बोलेन.

मी परवा रात्री हॉस्टेलवर पायथॉनमध्ये तीन मितींची चौकोनी विहीर (एका गोलाच्या आत सगळीकडे सारखी खोली, बाहेर शून्य) घेऊन तिची त्रिज्या कमी करत गेले. सोपं होतं, यू ची अर्ध्या रेषेवरची तार वापरली. तीन प्रकार करून पाहिले. खोली गुणिले घनफळ स्थिर ठेवलं, म्हणजे मामाचा डेल्टा: बाउंड स्टेट खाली कोसळत गेली. खोली त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढवली, पण आकडा थोडा कमी घेतला: त्रिज्या लहान होता होता काहीच उरलं नाही, मोकळा कण. तिसऱ्या वेळी खोलीचं वर्गमूळ बरोबर पाय भागिले (२ गुणिले त्रिज्या), अधिक २ भागिले (पाय गुणिले ए), असं धरलं. तेव्हा बाउंड स्टेट उणे १ भागिले ए-वर्गाकडे येऊन स्थिरावली.

मला चकित केलं ते त्या दुसऱ्या संज्ञेने. त्रिज्या ०.००१ असताना पहिली संज्ञा १५७० च्या पुढे, आणि ए १ घेतला तर दुसरी जेमतेम ०.६४. सगळं फिजिक्स त्या ०.६४ मध्ये! पहिला आकडा फक्त उंबरठ्यावर आणून उभं करतो.

प्रश्न: एकापेक्षा जास्त कण घेतले तर हेच चालेल का? मला प्रोजेक्टला हा विषय घ्यायचा आहे.

---

एप्सिलॉन | सोमवार, रात्री १०:४०

भाची, मामापेक्षा भारी निघालीस. तू केलंस तेच गणितज्ञ प्रमेय म्हणून सिद्ध करतात: विहीर शून्य ऊर्जेच्या रेझोनन्सवर (बाउंड स्टेट तयार होण्याच्या नेमक्या उंबरठ्यावर) असेल तरच मर्यादेत बिंदू-इंटरॅक्शन उरतं, नाहीतर मोकळा लाप्लासियन. आणि उंबरठ्याच्या वर गेलीस तरी, पुढचा रेझोनन्स येईपर्यंत, तेच: बाउंड स्टेट उणे अनंतात बुडते आणि मागे मोकळा कण राहतो.

जास्त कणांचं विचारलंस, तर तीन कणांपाशीच मोठी भानगड आहे. १९३५ मध्येच थॉमस यांनी दाखवलं की दोन-दोन कणांची बाउंड स्टेट नीट तोलून धरली आणि बलाची पोच शून्याकडे नेली, तरी तिघांची ऊर्जा उणे अनंताला जाते. पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मिन्लोस आणि फादेयेव यांनी बघितलं की तीन सारख्या बोसॉनसाठी (एकाच अवस्थेत कितीही जमू शकणारे कण) दोन-कणांची पाटी पुरेशी नाही. दोघं भेटतात तिथे पाटी लावली, पण तिघं एकाच बिंदूत भेटतात तिथे दार उघडंच राहिलं. तिथे आणखी एक अट घालावी लागते, आणि ती घातली तरी ऊर्जेला खालून तळ मिळत नाही.

याच उघड्या दारातून १९७० मध्ये एफिमोव्ह परिणाम आला: ए अनंत असताना तीन बोसॉनच्या बाउंड स्टेट्सची न संपणारी रांग, प्रत्येक आधीच्यापेक्षा २२.७ पटीने मोठी आणि ऊर्जेत सुमारे ५१५ पटीने उथळ. छत्तीस वर्षं कागदावरच होता. २००६ मध्ये इन्सब्रुकच्या गटाने अतिशीत सीझियमच्या अणूंमध्ये त्याची खूण पाहिली. सीझियमचा ए चुंबकीय क्षेत्राने हवा तसा वळवता येतो, म्हणजे तुझं ०.६४ प्रयोगशाळेत बटणाने फिरवायचं.

एमएस्सी प्रोजेक्टला तीन कण घेऊ नकोस. एकच कण पण दोन बिंदू घे. क्राइनचं सूत्र दोन बाय दोन मॅट्रिक्सचं होतं, बाउंड स्टेट कधी एक कधी दोन ते अंतरावर ठरतं, आणि सगळं हाताने सोडवता येतं. हवं तर मग बिंदूंची ओळच लाव. एका मितीत तेच क्रोनिग आणि पेनी यांनी १९३१ मध्ये स्फटिकासाठी केलं होतं.

---

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ८:३०

आणि चार मितींत?

---

एप्सिलॉन | मंगळवार, सकाळी ८:५०

चार मितींत तो पाहुणा १ भागिले आर-वर्ग होतो. वर्ग केला की १ भागिले आर चा चौथा घात, घनफळातून येतो आर-घन, इंटिग्रल लॉगने फुटतं. त्याला दारातच अडवलं जातं. पाटी एकच, मोकळा कण. चार आणि त्यापुढे बिंदू-इंटरॅक्शन नाहीच. एका मितीत उलट पाहुणे दोन असतात, कारण तिथे किंमत आणि उतार दोन्हींना तोडता येतं, म्हणून चार पॅरामीटरचं अख्खं कुटुंब आहे, डेल्टा त्यातला एक.

---

चकली | मंगळवार, सकाळी ९:०५

म्हणजे आपण तीन मितींत आहोत म्हणून थोडक्यात वाचलो. हे मला कळलं! वाचनखूण साठवली.

---

तंबोरा | बुधवार, रात्री १०:३०

धागा वर आणतोय, कारण प्रयोग केला.

बुधवार पेठेत जिथे पुडी बदलायला देतो तिथे जुन्या, शाई न भरलेल्या चामड्याचा एक पडदा चढवलेला होता. मालकांची परवानगी काढून आईची विणकामाची सुई मधोमध टेकवली आणि कडेला बोट मारलं. सूर चढला, नक्की चढला. फोनवर ट्यूनर लावून तीनदा मोजलं: ९, १३ आणि ७ टक्के. सुई हातात धरलेली, ती स्थिर कशी राहणार. दाबली की चामडंही ताणलं जातं आणि त्यानेच सूर चढतो, हे घरी येताना रिक्षात लक्षात आलं.

मालक म्हणाले, "याला सुई कशाला? ना वाजवताना अनामिका टेकवतोच की आपण, तेव्हा खालचा सूर दबतो म्हणून तर वरचा बोलतो." मग त्यांनी ना वाजवून दाखवला, आणि सुईने चामड्याला पडलेलं भोक बघून पुडीचे पैसे लावले.

---

एप्सिलॉन | बुधवार, रात्री १०:४५

पुडीचे पैसे आपण वर्गणी काढून भरू. पण पुढच्या वेळी सुई स्टँडला बांधा, आणि नुसती टेकेल इतकीच.